सोळा साखळ्या: सॅमॅमिश नदीकाठच्या नोंदी

११ मे २०२४, शनिवार

काल रात्री अकराच्या सुमारास बाबांनी गॅलरीतून हाक मारली. त्यांचं झोपेचं घड्याळ अजून भारतातच आहे. बाहेर येऊन पाहते तो आकाश गुलाबी आणि हिरवं. वॉशिंग्टन राज्यात, रेडमंडच्या आमच्या पार्किंगवर ध्रुवीय प्रकाश! आईने शाल पांघरून नकळत हात जोडले. आज सकाळी वाचलं की २००३ नंतरचं हे सगळ्यात मोठं भूचुंबकीय वादळ होतं. अमेरिकेच्या मधल्या पट्ट्यात सध्या पेरणी चालू आहे, तिथले उपग्रहाच्या इशाऱ्यावर चालणारे ट्रॅक्टर भरकटायला लागले आणि शेतकऱ्यांना थांबावं लागलं. बाबा चहा पिता पिता म्हणाले, "वरचं बिघडलं की खालची मोजणी चुकते." चौतीस वर्षं सातारा जिल्ह्यात भूकरमापक होते. सगळं मोजणीच्या भाषेत बोलतात.

प्रकल्प आजपासून सुरू. आई-बाबा १९ ऑक्टोबरपर्यंत आहेत. डॉक्टरांनी बाबांना रोज तासभर सपाटीवर चालायला सांगितलंय, आईच्या गुडघ्याला चढ चालत नाही. सॅमॅमिश नदीकाठचा रस्ता दोघांनाही सोसतो: बॉथेलपासून रेडमंडच्या मेरीमूर पार्कपर्यंत सुमारे ११ मैल, डांबरी, चढ जवळजवळ नाहीच. पण नुसतं 'चला फिरायला' म्हटलं तर बाबा चौथ्या दिवशी सोफ्यावर बसतील. त्यांना काम लागतं. म्हणून मी जिओकॅशिंगच्या अ‍ॅपवरून यादी काढली. नदीकाठच्या आमच्या टप्प्यातल्या, सोप्या गटातल्या, अगदी लहान २४ डब्या. कुणीतरी डबी लपवतं आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर करतं. आपण ती शोधायची, आतल्या कागदावर नाव आणि तारीख घालायची, आणि होती तशी परत ठेवायची.

पहिली डबी आजच सापडायला हवी होती, सापडली नाही. फोनवरचा बाण विलोच्या झाडाभोवती आम्हाला फिरवत राहिला. लेक हिरमुसली. अ‍ॅपवर 'सापडली नाही' अशी प्रामाणिक नोंद केली. अशा नोंदीचा लपवणाऱ्याला उपयोग होतो, डबी खरंच गेली असेल तर त्याला कळतं.

१२ मे, रविवार

आज बाबांनी फोन स्वतःच्या हातात घेतला. आधी मला विचारलं, "हे यंत्र किती चुकतं?" मोकळ्या आकाशाखाली साधा फोन साधारण पाच मीटरच्या आत जागा दाखवतो, झाडाखाली जास्त चुकतो, असं सांगितलं. त्यांनी मनात हिशेब केला. "म्हणजे अर्धी साखळी."

त्यांची जमीन मोजायची साखळी ३३ फुटी. तिचे १६ आणे. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद तो एक गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. ३३ फूट म्हणजे दहा मीटर, त्याचं निम्मं पाच. "मग यंत्राने आपल्याला अर्ध्या साखळीत आणून सोडलं, त्याचं काम संपलं. ते खिशात ठेव. आता हद्दीचा दगड शोधायचा."

कालच्याच विलोपाशी उभे राहून त्यांनी पाच मिनिटं कशालाही हात लावला नाही. नुसतं बघत होते. मग गवताकडे बोट केलं. डांबरी रस्त्यापासून झाडाच्या मागच्या अंगाला गवत किंचित दबलेलं, वीतभर रुंदीची पायवाट. "इथे कुणाची गुरं येत नाहीत. मग गवत कुणी दाबलं?" पायवाट संपते तिथे बुंध्याच्या बेचक्यात चार काड्या एकमेकींना समांतर ठेवलेल्या. निसर्ग काड्या रचून ठेवत नाही. काड्या बाजूला केल्या, आत जुन्या कॅमेऱ्याच्या फिल्मची काळी डबी.

लेकीने सही केली. बाबांनी खाली मराठीत पूर्ण नाव आणि तारीख घातली. यादीत १/२४.

१८ मे, शनिवार

तीन सापडल्या (४/२४). पिशवीत कायमचं सामान ठरलं: दोन पेनं (एक हमखास बंद पडतं), भुवयांचा चिमटा, टूथपिक, छोटा आरसा, टॉर्च, बागकामाचे हातमोजे, कोरड्या कागदाच्या पट्ट्या, रिकामी कचऱ्याची पिशवी. आरसा बाकाच्या खालच्या बाजूला बघायला. आईला वाकता येत नाही, पण ती आरसा धरून सगळं बघते.

कचऱ्याची पिशवी या खेळाच्या रिवाजातलीच आहे. शोधायला आलात तर वाटेतला कचरा घेऊन जायचा. आज दीड पिशवी भरली.

२६ मे, रविवार

नॅनोची पहिली गाठ.

१०० मिलिलिटरच्या आतली डबी ती मायक्रो, त्यातही दहा मिलिलिटरच्या आतली ती नॅनो. आजची करंगळीच्या टोकाएवढी, काळी, बुडाला चुंबक. पुलाजवळच्या लोखंडी कठड्याच्या आतल्या बाजूला चिकटलेली. लेकीचा हात अपघाताने लागला म्हणून मिळाली, डोळ्यांना दिसलीच नसती.

खरी परीक्षा उघडल्यावर. आत कागदाची पट्टी, रुंदीला बोटाच्या नखाहून कमी, गुंडाळून घट्ट बसवलेली. चिमट्याने काढली. वाऱ्याने ती उलगडली आणि सापासारखी फडफडायला लागली. मी दोन टोकं धरली, लेकीने तीन अक्षरी सही केली. पण परत गुंडाळताना काही केल्या पुरेशी बारीक होईना. दोनदा झाकण लावलं, दोनदा कागदाची कड आट्यांत अडकली. आट्यांत कागद राहिला की झाकण नीट बसत नाही, इथल्या पावसात आठवड्याभरात लगदा होतो.

आईने माझ्या हातातून पट्टी घेतली. तळहात पदराला पुसून कोरडा केला, पट्टीचं टोक टूथपिकवर धरलं आणि वात वळतात तशी दोन बोटांत फिरवली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा टूथपिक ओढून काढली. पट्टीची वळी उदबत्तीच्या काडीएवढी झाली होती. डबीत टाकली तर बाजूने जागा उरली. बाबा म्हणाले, "पन्नास वर्षं फुलवाती वळतेय ती." यापुढे सगळ्या नॅनो आईच्या ताब्यात.

२ जून, रविवार

सावरीच्या कापसासारखा कापूस सगळ्या रस्त्यावर उडतोय. कॉटनवुडची झाडं आहेत नदीकाठी, त्यांचा. आई म्हणाली, उशी भरता येईल.

लेकीला शाळेत या खेळाबद्दल बोलायचंय म्हणून माहिती नीट लावून दिली. अमेरिकेचं सैन्य उपग्रहांच्या नागरी संकेतात मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे सामान्य माणसाच्या यंत्राला शंभरेक मीटरपर्यंतचा फरक पडायचा. मे २००० च्या सुरुवातीला राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या निर्णयाने ती भेसळ बंद झाली. एका रात्रीत जगातली सगळी यंत्रं अचूक झाली. लगेच ३ मे रोजी डेव्ह अल्मर या गृहस्थांनी शेजारच्या ऑरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळच्या रानात एक बादली ठेवली, आत पुस्तकं, गलोल, बीन्सचा डबा असलं सामान, आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवरच्या एका चर्चागटात टाकले. काही दिवसांतच आमच्या वॉशिंग्टन राज्यातल्या माइक टीग यांनी ती शोधली. सप्टेंबर २००० मध्ये जेरेमी आयरिश यांनी संकेतस्थळ सुरू केलं. त्याचं मुख्य कार्यालय सिएटलच्या फ्रीमाँट भागात आहे, इथून वीसेक किलोमीटरवर.

बाबा ऐकत होते. २००० साली ते डोंगरउतारावरच्या खाचरांत साखळी ओढत होते. "शंभर मीटर म्हणजे दहा साखळ्या. एवढ्या चुकीत अख्खा गट शेजाऱ्याकडे जातो."

मग त्यांनी स्वतःच एक हिशेब मांडला. इथले अंक अंश आणि मिनिटांत असतात, मिनिटाच्या हजाराव्या भागापर्यंत. अक्षांशातला एक हजारांश म्हणजे जमिनीवर १.८५ मीटर, कुठेही गेलं तरी. पण रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जवळ येत जातात, त्यामुळे इथे, ४७ अंशांच्या पुढे, त्याच एका हजारांशाचे सव्वा मीटरच होतात. पुण्याला पावणेदोनच्या वर. म्हणजे शेवटच्या आकड्यात चूक झाली तर इथे पूर्व-पश्चिम कमी हुकतं, उत्तर-दक्षिण जास्त. वहीच्या मागच्या पानावर त्यांनी आकृती काढून ठेवलीय. फार सुंदर आहे, फोटो काढून ठेवला.

८ जून, शनिवार

९/२४.

लेकीला गुप्त भाषेचा नाद लागला. प्रत्येक डबीच्या पानावर एक इशारा असतो, तो उलट्या अक्षरांत लिहितात, म्हणजे ज्याला नको त्याच्या डोळ्यांत चुकून भरू नये. इंग्रजी वर्णमाला तेरा-तेरा अक्षरांच्या दोन ओळींत लिहायची आणि वरच्या अक्षराला खालचं घ्यायचं. ए चं एन, बी चं ओ. आज इशारा होता एस-आर-ए-पी-आर. तिने रस्त्यातच बसून सोडवला: एफ-ई-एन-सी-ई, कुंपण. बटण दाबलं तर अ‍ॅप आपोआप उलगडून देतं, पण तिला ते नको असतं. आजीने तिला च ची भाषा शिकवली. घरी येईपर्यंत 'चलाम चणीपा' चालू होतं.

१६ जून, रविवार

हातमोजे विसरले. नदीच्या अंगाला असलेल्या डबीच्या वाटेत आग्या पाल्यासारखी एक वनस्पती, इथे नेटल म्हणतात. मनगटावर गांध्या उठल्या, चार-पाच तास चुरचुरत होतं. डबी मिळाली (११/२४). नोंदीत पुढच्यांसाठी सावधगिरीची ओळ टाकली.

३० जून, रविवार

पादचारी पुलावरची डबी तिसऱ्या फेरीत मिळाली. हा शोध सविस्तर लिहून ठेवते. कुठला पूल ते लिहीत नाही, पुढच्याची मजा जाऊ नये.

पहिल्या दोन फेऱ्यांत (१५ आणि २३ जून) आम्ही कठडा हाताने चाचपला, खालची बाजू आरशाने पाहिली, खांबांच्या टोप्या फिरवून पाहिल्या. सहा सायकलवाल्यांनी विचारलं, काही हरवलं का? अनोळखी माणसासमोर शोधायचं नसतं. त्याला डबी दिसली आणि त्याने ती उचलली तर लपवणाऱ्याची मेहनत वाया. म्हणून आई बुटाची नाडी बांधायला लावते. बुटाची नाडी बांधणाऱ्याला कुणी काही विचारत नाही.

आज बाबांनी पूल मोजायला घेतला. लोखंडी तुळया जिथे जोडल्यात तिथे पट्ट्या आणि पट्ट्यांवर नटबोल्ट, एका पट्टीवर आठ. सगळ्या पट्ट्यांवर आठ. नववा कुठे दिसला की तोच, असा त्यांचा कयास. पण सगळीकडे आठच भरले. ते खाली बसले.

आई कठड्याला टेकून उभी होती. पाच मिनिटांनी म्हणाली, "या एकावर जाळं नाही."

सकाळचं ऊन तिरपं पडलं होतं. प्रत्येक बोल्टच्या डोक्यापासून पट्टीपर्यंत कोळ्याचा एक-दोन धाग्यांचा तंबू, त्यावर कॉटनवुडचा कापूस अडकलेला. आठांतल्या सात बोल्टांवर तो होता. आठवा स्वच्छ. मूळचा एक बोल्ट कधीतरी गळला असावा, त्याच्या भोकावर कुणीतरी त्याच रंगाचं, त्याच आकाराचं चुंबकी डोकं बसवलेलं. ओढलं, निघालं. पोटात कागद. शेवटची सही सहा दिवसांपूर्वीची, कोळ्याला तेवढे दिवस पुरले नव्हते.

बाबांनी टोपी काढली. मग म्हणाले, नोकरीत असताना दगड जागेवर मिळाला नाही की ते आधी शेतकऱ्याच्या नजरेकडे बघायचे. ज्याने दगड हलवलाय तो त्या कोपऱ्याकडे बघायचं टाळतो. "बोल्टचंही तेच, आठ वेळा मोजले, पण मी त्यांच्याकडे बघितलंच नाही."

१४/२४.

६ जुलै, शनिवार

बाबांनी नायलॉनच्या दोरीची साखळी केली. ३३ फूट, दर आण्याला लाल दोऱ्याची गाठ. एक आणा म्हणजे २ फूट पाऊण इंच. कशासाठी, विचारलं. "असू दे."

१७ जुलै, बुधवार, आषाढी एकादशी

ऑफिस लवकर आटोपून संध्याकाळी निघालो. तिकडे पंढरपुरात वारी पोचली. आईच्या मनात आज चालायचंच होतं, डबी मिळो न मिळो. वुडिनव्हिलपासून दक्षिणेला साडेपाच किलोमीटर चाललो, ती वाटभर हळू आवाजात हरिपाठ म्हणत होती. एक बगळा आमच्यासोबत चार वेळा उडून पुढे जाऊन बसला. डब्या दोन मिळाल्या, दोन्ही बाकाखाली. रताळ्याचा कीस घेतला होता, तोही बाकावरच.

२७ जुलै, शनिवार

मन खट्टू करणारी गोष्ट. एका ठिकाणी दोन डब्या मिळाल्या, दोन हातांच्या अंतरावर. एक जुनी, नीट लपवलेली, कागदावर २०१६ पासूनच्या सह्या. दुसरी औषधाची नारिंगी बाटली, झुडपात नुसती टाकलेली, आत कोरी चिठ्ठी. ज्यांना मूळ डबी सापडत नाही ते कधीकधी अशी नवी टाकतात, तिच्यातच सही करतात आणि 'सापडली' म्हणून आकडा वाढवतात.

हे मला अजिबात पटत नाही. मालकाला न विचारता टाकलेली डबी म्हणजे त्याच्या गळ्यात न मागितलेली जबाबदारी. पुढचा माणूस चुकीच्या डबीत सही करून जातो आणि खरी डबी कुणी न उघडता पडून राहते. बाबा माझ्याहून जास्त चिडले. "दगड सापडला नाही म्हणून नवा रोवायचा? असं करणाऱ्यांमुळेच भावाभावांत कोर्ट लागलं. तीन-तीन पिढ्या." आम्ही खऱ्या डबीत सही केली आणि मालकाला निरोप पाठवला. रात्री उत्तर आलं की बाटली काढून टाका. उद्या काढू.

१०-११ ऑगस्ट

दोन दिवसांत एकच डबी, कारण ब्लॅकबेरी पिकल्यात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काटेरी जाळ्या, काळी फळं. आईने करवंदाच्या जाळीत हात घालावा तसा सफाईने हात घातला. दोन डबे भरून आणली. घरी साखरांबा केला, करवंदाच्या मुरंब्यापेक्षा गोड, थोडा बियाळ.

या झुडपाला इथे हिमालयन ब्लॅकबेरी म्हणतात. बाबांना नावाचं कुतूहल, म्हणून शोधलं. लूथर बरबँक या रोपतज्ज्ञाने भारतातून मागवलेल्या बियाण्यातून ती वाढवली आणि १८८५ मध्ये 'हिमालया जायंट' नावाने विकायला काढली. वनस्पती मुळात आर्मेनिया आणि उत्तर इराणकडची. आता या राज्यात ती तणासारखी माजलीय, नदीकाठची मूळ झाडं दाबून टाकते. कितीतरी डब्या तिच्या पोटात गेल्या असतील. यादीतली एकोणिसावी त्यातच आहे, फांद्या छाटायच्या नाहीत असं आम्ही ठरवलंय, हिवाळ्याची वाट बघणं परवडलं.

१८-२० ऑगस्ट, रविवार ते मंगळवार

माझ्या हातून नुकसान झालं. पुलावरच्या दुसऱ्या नॅनोचं झाकण उघडताना बोटांतून निसटलं आणि फळीच्या फटीतून नदीत पडलं. आवाजसुद्धा आला नाही. डबी हातात, झाकण नाही, आत २०१९ पासूनच्या सह्या.

कागद पिशवीत घालून घरी आणला, मालकाला सगळं जसं घडलं तसं लिहिलं, आणि त्याच मापाची नवी नॅनो आणून द्यायची तयारी दाखवली. त्याने परवानगी दिली. मंगळवारी नवी डबी, जुना कागद आणि एक नवी पट्टी आईने वळून एकत्र बसवली. पावसात न भिजणारा कागद वापरला, जवळच्या टॅकोमा शहरात बनतो. यापुढे पुलावर डबी उघडायची नाही, काठावर येऊनच उघडायची. वहीच्या पहिल्या पानावर तसं लिहिलं.

३१ ऑगस्ट, शनिवार

२१/२४. उरलेल्या तिनांपैकी एक काट्यांत, एक मालकाने तात्पुरती बंद केलीय, एक आम्हाला सापडत नाही.

बाबांची इच्छा की जाण्याआधी आपली एक डबी लपवावी. 'आपण चोवीस जणांच्या घरी जेवलो' असं ते म्हणाले. सार्वजनिक जागेत त्या जागेच्या व्यवस्थापनाची परवानगी लागते, शिवाय डबी लपवणारा माणूस तिची देखभाल करायला जवळपास हवा. मी आहे. मैत्रिणीचं घर नदीकाठच्या रस्त्याला लागून आहे. तिने तिच्या कुंपणाचा बाहेरच्या बाजूचा खांब देऊ केला.

डबी कुठली? आईने लगेच हिंगाची पांढरी डबी काढली, तीनदा धुतलेली. झाकण उघडून मी नाकाजवळ नेली. हिंग तो हिंगच! खाण्याच्या वासाची वस्तू ठेवू नये हा नियम, प्राणी वासाने येतात आणि कुरतडतात. इथली रकूनं तर झाकणं उघडण्यात पटाईत. आईला वाईट वाटलं. शेवटी धातूची आट्यांची नळी घेतली, करंगळीएवढी, झाकणाला रबरी कडं असलेली. बाबांनी सीडरच्या फळीतून खांबाची टोपी केली आणि टोपीच्या पोटात नळीसाठी भोक पाडलं. तीन संध्याकाळी पॉलिश पेपर घेऊन बसले होते.

७ सप्टेंबर, शनिवार, गणेश चतुर्थी

गणपती बसले. शोध नाही.

१५ सप्टेंबर, रविवार

डबीचा प्रस्ताव परत आला. नवी डबी जाहीर होण्याआधी एक स्वयंसेवक परीक्षक तपासतो. त्याने नम्रपणे लिहिलंय की जवळची दुसरी डबी १५३ मीटरवर आहे, दोन डब्यांत निदान १६१ मीटर, म्हणजे ५२८ फूट, अंतर लागतं.

मी मैत्रिणीला काय सांगायचं या विचारात. बाबा ओट्यापाशी उभे राहून कागदावर काही करत होते.

"पाचशे अठ्ठावीस भागिले तेहतीस किती?"

मी फोन काढायच्या आत ते म्हणाले, "सोळा. बरोबर सोळा साखळ्या. बाकी शून्य."

दोनदा करून पाहिलं. खरंच सोळा. मग ते समजावत बसले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी खूप वर्षांत पाहिलं नव्हतं. १६२० च्या सुमारास एडमंड गंटर नावाच्या इंग्रज गणितज्ञाने ६६ फुटी साखळी काढली. ८० साखळ्यांचा मैल, म्हणजे मैलाच्या दहाव्या भागात ८ साखळ्या. आपली साखळी तिच्या निम्मी, म्हणून १६. अमेरिकन माणसाने मैलाचा दहावा भाग ठरवला आणि तो बाबांच्या साखळीत सोळा आणे बसला.

दुपारी दोरी घेऊन गेलो. जुलैत केलेली दोरी. नदीचा हा भाग १९६० च्या दशकात सरकारी अभियंत्यांनी पूर नियंत्रणासाठी सरळ केला, त्याआधी ती वळणं घेत जायची. त्यामुळे इथे रस्ताही सरळ, मोजायला सोपा. एक टोक लेकीकडे, दुसरं बाबांकडे. प्रत्येक साखळीला लेक रस्त्याच्या कडेला एक खडा ठेवायची आणि मोठ्याने आकडा म्हणायची. बाबा दोरी ताणून डोळा लावून सरळ आहे का बघायचे, मग मान हलवायचे. त्यांनी मान हलवेपर्यंत पुढे जायचं नाही. जाणारे-येणारे थांबून बघत होते, एका आजोबांनी विचारलं, रस्ता रुंद होणार आहे का.

आमच्या खांबापर्यंत भरलं: पंधरा साखळ्या तीन आणे. उपग्रहाचे १५३ मीटर आणि दोरी यांच्यात वीतभराचा फरक! कमी पडतात तेरा आणे. मैत्रिणीचं कुंपण त्याच दिशेने पुढे बारा मीटर जातं. तेरा आण्यांवर खांब नव्हता, पण पंधरा आण्यांवर, अगदी कोपऱ्यात, होता. टोपी तिथे बसेल का म्हणून बाबांनी खांबाचं माप घेतलं. बसते. अर्धा सेंटिमीटर घासावी लागेल.

२१ सप्टेंबर, शनिवार

टोपी बसवली. कागदाची पट्टी बाबांनी स्वतः तयार केली, वळली आईने. पट्टीच्या वरच्या टोकाला त्यांनी पेन्सिलीने काहीतरी लिहिलं, मला दाखवलं नाही. खांबावर अक्षांश-रेखांश चार वेगवेगळ्या वेळी घेतले, सरासरी काढली, प्रस्ताव पुन्हा पाठवला.

२४ सप्टेंबर, मंगळवार

मंजूर. संध्याकाळी ७ वाजून १० मिनिटांनी जाहीर झाली. पहिला शोधणारा ७ वाजून ५२ मिनिटांनी पोचला. पहिली सही करायला लोक गाडी काढून धावतात हे ऐकून होते, आपल्या डबीसाठी कुणी धावेल असं वाटलं नव्हतं. त्याने लिहिलं की टोपीचं काम सुरेख आहे, आणि पट्टीवर वर काय लिहिलंय, कुठली लिपी?

बाबांना विचारलं. त्यांनी लिहिलं होतं: 'हद्द कायम', खाली तारीख आणि सही. मोजणी पुरी झाली, दगड रोवला, की त्यांच्या खात्यात असंच म्हणतात. मी त्या माणसाला इंग्रजीत चार ओळींत समजावून लिहिलं.

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

न सापडणारी एक सापडली, विजेच्या खांबावरच्या क्रमांकाच्या पट्टीमागे चुंबकाची चपटी चकती. लेकीने शोधली, एकटीने. २२/२४. बाबांनी दोरी लेकीला दिली.

१९ ऑक्टोबर

विमान दुपारी. सकाळी आई-बाबा दोघेही खांबापर्यंत चालून आले.

३ नोव्हेंबर, रविवार

देखभाल. सतत पाऊस. टोपी कोरडी, नळीत ओल नाही. पट्टीवर अकरा सह्या. झाकणाच्या रबरी कड्याला बारीक भेग दिसली, म्हणून बदललं. आईसारखी वात मला अजून वळता येत नाही, तीन प्रयत्न लागले.

रात्री फोन. बाबांनी आधी विचारलं, दगड जागेवर आहे ना? आहे म्हटलं, आणि कड्याचं सांगितलं.

"नवं कडं किती जाडीचं घातलंस?"

दोन मिलिमीटर.

"जुनं दीडचं होतं. झाकण पूर्ण बसलं का ते उद्या परत बघून ये."